चौसष्ट डबे आणि मधली जागा

१४ जानेवारी १९६८, जबलपूर

सरकारी नोंदवही वेगळी. तिच्यात आकडे आणि माझे शिक्के. ही माझी खासगी, हिच्यात मनातलं लिहायचं असं ठरवलं आहे. बघू किती दिवस टिकतं.

फॅक्टरीचा नवा ट्रक घेऊन परवा निघायचं आहे. इथून थेट रस्त्यानं, बिहार ओलांडून सिक्कीमच्या वरच्या सरहद्दीपर्यंत. तिथल्या खिंडीचं नाव लिहायची मनाई आहे, म्हणून नुसतं ‘खिंड’ म्हणतो. खिंडीची शेवटची नऊ मैलांची चढण ट्रकनं पूर्ण ओझ्यानिशी, कुठेही न थांबता आणि इंजिनातलं पाणी न उकळता चढली पाहिजे. सगळी परीक्षा आहे ती पाण्याच्या पंपाची. आजवर हा पंप परदेशातून यायचा. लढाई लागली की तो येणं बंद होतं आणि ट्रक उभे राहतात, हे पासष्ट साली सगळ्यांनी पाहिलं. आता तो आपल्याच ढलाईखान्यात लोखंड ओतून बनवला आहे. पास झाला तर यापुढे प्रत्येक ट्रकमध्ये तोच बसेल. नापास झाला तर काम बंद. शेरा देणार मी, कारण तपासनीस मी.

इथवर सगळं ठीक होतं. पण पंप बनवला आहे भय्यासाहेबांनी, आणि भय्यासाहेब म्हणजे माझ्या बायकोचे, आमच्या शरयूचे थोरले भाऊ. ढलाईखान्याचे फोरमन. मार्चअखेर निवृत्त होताहेत. एकोणतीस वर्षांच्या नोकरीची सांगता या पंपानं व्हावी एवढीच त्यांची इच्छा आहे, असं शरयू सांगते. मला शरयूकडूनच कळणार, कारण आमचं दोघांचं बोलणं नाही. गेल्याच्या गेल्या दिवाळीआधी मी त्यांचे चाळीस पंप नापास केले. भाऊबीजेला आले, बहिणीकडून ओवाळून घेतलं, ओवाळणी घातली आणि फराळाच्या ताटाला न शिवता निघून गेले. त्याला पंधरा महिने झाले.

ट्रकबरोबर तेही येणार आहेत. आम्हा दोघांना एका ट्रकमध्ये बसवायचं कुणाच्या डोक्यातून निघालं, असं मी शरयूला विचारलं. मला काय ठाऊक, म्हणाली आणि तीळ भाजत राहिली. मोठ्या साहेबांच्या पत्नी हल्ली तिच्याबरोबर महिला मंडळात असतात, त्यांना विचारायला हवं.

१५ जानेवारी

नियमाप्रमाणे ट्रकवर अडीच टन ओझं लागतं. दरवेळी वाळूची पोती भरतो. यंदा महिला मंडळानं अर्ज केला की सरहद्दीवर वाळू काय नेता, जवानांना तिळगूळ न्या. साहेबांनी मंजुरी दिली. त्यामुळे दीड टन वाळू आणि एक टनाला थोडे कमी तिळाचे लाडू. गेला महिनाभर जबलपुरात गढ्यापासून सदरपर्यंत एकाही मराठी घरात दुसरं काही शिजलेलं नाही.

चौसष्ट डबे. प्रत्येक मी स्वतः काट्यावर चढवला. पंधरा किलो, ना कमी ना जास्त. जिथे कमी भरलं तिथे दोन लाडू टाकले, जिथे जास्त तिथे दोन काढले. काढलेले कुठे गेले ते लिहीत नाही. मग झाकणांवर माझा शिक्का मारला. माझी एक पद्धत आहे, बावीस वर्षं पाळतो आहे: एकदा शिक्का मारला की पुन्हा मोजायचं नाही. पुन्हा मोजणं म्हणजे स्वतःच्याच शिक्क्यावर अविश्वास.

डब्यांवर बायकांनी आपापली नावं रंगवली आहेत. शरयूनं सात वेळा बजावलं की लाडू गेले तरी चालतील, डबे परत आले पाहिजेत.

१६ जानेवारी, कटनी

निघालो. ड्रायव्हर पुंडलिक, मूळचा वर्ध्याकडचा, बोलका माणूस. पहिला तंटा जागेवरून. मधल्या जागेवर लहान माणसानं बसायचं असतं. वयानं मी लहान, हुद्द्यानं ते. शेवटी पाण्याच्या उष्णतेचा काटा मधूनच नीट दिसतो म्हणून मी मध्ये बसलो. भय्यासाहेब डावीकडे खिडकीशी. ढलाईखान्यात त्यांचा उजवा कान गेला आहे, आणि तोच माझ्याकडे आहे. त्यात या इंजिनाचा आवाज. त्यामुळे न बोलण्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत. काही निरोप असला तर मी पुंडलिकला सांगतो, आणि ट्रक थांबला की तो उतरून, वळसा घालून डाव्या खिडकीशी जाऊन सांगतो.

पनागरच्या नाक्यावर कागदांवरून अडवलं. मी शरयूनं दिलेल्या हातातल्या डब्यातून नाकेदाराला तिळगूळ दिला. दांडा लगेच वर. पुंडलिकला म्हटलं, भेटेल त्याला देत जा, रथसप्तमीपर्यंत द्यायचाच असतो. कटनीपर्यंत हातातला डबा संपला. पुंडलिक विचारत होता आता काय करू. मी कामात होतो. म्हटलं, मागे चौसष्ट आहेत, तिळगुळाला काय तोटा. बरा विनोद झाला, पण तो हसला नाही, नुसती मान हलवली. या लोकांना विनोद कळत नाही.

२० जानेवारी, मोकामा

गंगेवरच्या पुलावर दोन तास थांबलो. गार वारा. भय्यासाहेबांनी खिडकी उघडी ठेवलेली. मी पुंडलिकला म्हटलं, त्यांना सांग, खिडकी लावा, इथे काही भट्टी पेटलेली नाही. तो गेला, बराच वेळ बोलला. भय्यासाहेबांनी खिडकी लावली आणि आपली शाल काढून माझ्या मांडीवर ठेवली. त्यांच्या स्वभावाला हे धरून नाही. शाल उबदार आहे.

नोंद: ट्रक दोन दिवस अधिक सुरेख चालतो आहे. इंजिन रुळत असावं.

२४ जानेवारी, सिलिगुडीच्या अलीकडे

डाकबंगल्यात एका खोलीत राहावं लागलं. घोरण्यानं डोळ्याला डोळा नाही. सकाळी निरोप पाठवला की असं घोरणं मी फक्त नापास इंजिनात ऐकलं आहे. पुंडलिक परत आला तो दोन सोललेली संत्री घेऊन. म्हणाला, भय्यासाहेबांनी पाठवली, आणि म्हणाले, तुमची झोप नाही झाली, वाईट वाटून राहिलं. मी चकित झालो. शिस्त म्हणून मीही निरोप दिला की संत्री आंबट आहेत. थोड्या वेळानं पाहतो तर खिडकीतून भय्यासाहेब माझ्याकडे बघून मान डोलावताहेत, डोळे ओले. वयामुळे माणूस हळवा होतो.

२८ जानेवारी, तिस्ता नदीच्या काठानं

पहाड सुरू. एका बाजूला भिंतीसारखा कडा, दुसऱ्या बाजूला नदी, आणि मध्ये जेमतेम आमचा ट्रक. समोरून लष्कराची गाडी आली की मी डोळे मिटतो. नोंदवहीत तसं लिहीत नाही.

दोन गोष्टी लिहून ठेवण्याजोग्या. एक, ट्रक जसजसा वर जातो तसतसा हलका चढतो. पुस्तकात उलट लिहिलं आहे, की उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद घटते. पुस्तक परदेशी आहे, आपल्या इंजिनाला लागू नसावं.

दुसरी, इथे माझी कीर्ती आमच्याआधी पोचते आहे. रस्ता खोदणारे मजूर, चौकीवरचे शिपाई, पुलावरचे पहारेकरी, सगळे ट्रक दिसला की हात हलवत धावत येतात. एका चौकीवर तर सुभेदारानं मला कडक सलाम ठोकला आणि छातीशी धरलं. मागून पुंडलिक काहीतरी उतरवत होता. मी विचारलं, तर म्हणाला, दोर आवळून राहिलो. फार काळजीचा माणूस आहे, दर थांब्याला दोर आवळतो.

१ फेब्रुवारी, खिंडीखालची छावणी

आज चढलो. नऊ मैल, बर्फ कापलेला रस्ता, सत्तेचाळीस वळणं. काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. एकदाही थांबावं लागलं नाही. माथ्यावर पोचल्यावर उतरून पंपाला हात लावून पाहिला, कोमट होता. मी नोंदवहीत ‘उत्तीर्ण’ लिहून सही केली. भय्यासाहेब पाठ फिरवून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते.

ट्रक मुक्कामाला खालच्या छावणीत आणला आहे. तंबूत बसून लिहितो आहे. चाळीस पंप मी मोडीत काढले. तेही असेच असते का? शरयू तेव्हा म्हणाली होती, एकदा पुन्हा पाहा, भाऊ म्हणून नको, माणूस म्हणून पाहा. मी पाहिलं नाही. फार वाईट वाटतं आहे.

२ फेब्रुवारी

हे पान लिहायला हात धजत नाही.

आज छावणीत तिळगूळ द्यायचा समारंभ. मेजरसाहेब, चाळीस जवान रांगेत. मी हिंदीत भाषण केलं, जबलपूरच्या माताभगिनींचं प्रेम वगैरे. मग पहिला डबा उघडला. रिकामा. दुसऱ्यात याकच्या दुधाचं वाळवलेलं दगडासारखं पनीर, मूठभर. तिसरा रिकामा. चौथ्यात आलं आणि एक हातमोजा. चौसष्टपैकी तीन डबे भरलेले निघाले. माझे शिक्के नीट कापून काढले होते, झाकणं पुन्हा बसवली होती, डबे ओळीत होते. जवान हसायला लागले. त्यातल्या निम्म्यांनी ते लाडू खालच्या चौक्यांवर आधीच खाल्ले होते. मेजरसाहेब पोट धरून बसले.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. ओझं कमी म्हणून ट्रक चढला. ओझं कमी झाल्याचा फायदा कुणाला? ज्यांचा पंप त्यांना. मी पुंडलिकला बाजूला घेतलं आणि म्हटलं, त्यांना जाऊन सांग, शाल आणि संत्री देऊन मला झुलवलंत, पण ही चोरी मी वर कळवणार.

पुंडलिक पहिल्यांदाच जागचा हलला नाही. म्हणाला, “साहेब, भय्यासाहेबांना काहून बोलता? तुम्हीच तं सांगितलं होतं. भेटेल त्याला देत जा, मागे चौसष्ट आहेत. मी तं एकालाबी सोडलं नाही.”

मी म्हटलं, मी असं कधी बोललो नाही. मग तंबूत येऊन ही वही उघडली. सोळा जानेवारी. माझंच अक्षर. विनोद बरा झाला असंही मीच लिहिलं आहे.

मग रिकामे डबे तरी कशाला वाहिलेस, असं विचारलं. तर म्हणे, बाईसाहेबांनी सांगितलं होतं डबे परत पाहिजेत, आणि लोक बिचारे रिकामा डबा परत कसा द्यावा म्हणून काहीबाही घालत होते.

मेजरसाहेबांनी चहा पाजला. म्हणाले, सही हो चुकी है, ट्रक ऊपर चढ़ा है, किसको पता चलेगा. बावीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं की असू द्यावं. खोटं कशाला लिहू, फार वाटलं. शरयूचा चेहरा दिसला. भय्यासाहेबांचे हललेले खांदे दिसले. दोन महिन्यांनी माणूस घरी बसणार आहे. मी चहाच पीत राहिलो.

तेवढ्यात भय्यासाहेब तंबूत आले. माझ्यापासून दोन हातांवर उभे राहिले आणि पुंडलिककडे बघून म्हणाले, “त्यांना सांग पुंडलिक, रिकाम्या ट्रकवर पास झालेला पंप मला नको. चाळीस नापास केले, तेव्हा वजनात सूट नव्हती दिली. हाही तसाच पाहा म्हणावं.”

पुंडलिकनं तोंड उघडलं, पण भय्यासाहेबांचा शब्द न् शब्द मला ऐकू आला होता. त्याला सांगायला काही उरलं नव्हतं. मी ‘उत्तीर्ण’वर काट मारली.

३ फेब्रुवारी

वजन आणायचं कुठून? दगड बर्फाखाली, आणि तोलायला काटा नाही. मेजरसाहेबांच्या डॉक्टरकडे जवानांची वजनं लिहिलेली वही आहे. नऊशे पंधरा किलो हवे होते. पासष्ट किलोचा एक असे तेरा जवान निवडले आणि वर एक स्वयंपाकी, जो पुरता सत्तर किलोचा आहे. कोट आणि बूट जास्तीचे होतात, असं मी म्हटलं. ते वजन पंपाच्या विरुद्ध जातं, मला चालेल, असा भय्यासाहेबांचा निरोप आला. लाडू खाल्लेलेच सगळे पुढे आले. म्हणजे एका अर्थी ओझं तेच होतं.

पहिले पाच मैल बरे गेले. सहाव्या मैलाला काटा हलला. सातव्याला तांबड्या रेघेच्या दोन बोटं खाली. मागे जवान गाणी म्हणत होते. मी काट्याकडे वाकलो, तर भय्यासाहेबही वाकले आणि त्यांची माकडटोपी बरोबर माझ्या नजरेत. पुंडलिकला सांगावं तर त्याचे दोन्ही हात चाकाला चिकटलेले, पुढे वळण, खाली दरी.

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, “भय्यासाहेब, टोपी काढा. काटा दिसत नाही मला.”

पंधरा महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढली आणि म्हणाले, “चष्मा पुसा आधी. तेव्हाही पुसला असता तं चाळीसातले बारा वाचले असते.”

मी म्हटलं, तीन. ते म्हणाले, बारा. मी म्हटलं, चौथ्यापासून पुढे सगळ्यांना भोकं होती, मी आजही दाखवू शकतो. तोवर आठवा मैल गेला. काटा रेघेच्या केसभर खाली येऊन थांबला. भय्यासाहेबांनी माझा गुडघा पकडला. दुखत होतं, पण मी पाय हलवला नाही. माझ्याच हातात असतं तर मी तो काटा बोटानं खाली ओढला असता. हे इथेच लिहितो, सरकारी वहीत नाही.

माथा आला. झाकणातून वाफ नाही. पाणी उकळलं नाही. जवानांनी उड्या मारल्या. भय्यासाहेब बोनेट उघडून पंपापुढे उभे राहिले, त्यांना पुढचं दिसत नसावं, कारण डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. माझ्याही. वारा फार होता.

मी खाली वाकून पाहिलं. पंपाच्या सांध्यातून मिनिटाला एक थेंब पडत होता. घड्याळ लावून मोजला. नोंदवहीत लिहिलं: ‘उत्तीर्ण. शेरा: ठिबकतो.’

५ फेब्रुवारी, रथसप्तमी

उरलेल्या तीन डब्यांतले लाडू छावणीत वाटून टाकले. आज शेवटचा दिवस. निघताना भय्यासाहेबांनी कोटाच्या खिशातून एक लाडू काढला. टोपीची लोकर चिकटलेली. “घ्या,” म्हणाले. “गोड बोला असं नाही म्हणत, ते तुम्हाला जमणार नाही. शेरा काढा.”

शेरा निघणार नाही, असं मी सांगितलं. लाडू मात्र खाल्ला, लोकरीसकट.

१७ फेब्रुवारी, जबलपूर

घरी आलो. शरयूनं आधी डबे मोजले, मग मला विचारलं कसे आहात. चौसष्ट भरले. त्यांतून वेलदोडे, आलं, ते दगडी पनीर, बिहारचा चिवडा आणि एक हातमोजा निघाला. बायका आता दुसऱ्या हातमोज्याचं काय करायचं यावर बैठक घेणार आहेत.

पंप मंजूर झाला. शेरा कायम आहे. भय्यासाहेब ढलाईखान्यात सांध्याचा नवा साचा करताहेत, मार्चअखेरपर्यंत ठिबकणं थांबवून दाखवतो म्हणाले. आज रात्री जेवायला आले, त्या भाऊबीजेला न शिवलेला फराळही आज मागून खाल्ला. जेवताना बारा की तीन यावर एवढा वाद झाला की शरयू पदर तोंडाला लावून आत गेली. नंतर तिनं पुंडलिकला घरात बोलावून पाटावर बसवलं, पुरणपोळी वाढली, वर तूप. दोघं हळू आवाजात बोलत होते आणि खूप हसत होते. एका ड्रायव्हरचं एवढं कौतुक कशाला?

एका गोष्टीचा मात्र उलगडा होत नाही. समोरासमोर बोलायला लागल्यापासून भय्यासाहेब फार फटकळ झाले आहेत. पुंडलिकमार्फत बोलायचे तेव्हा किती गोड बोलायचे. आज जाताना तेही मला हेच म्हणाले.